तलफ आणि पेला यांच्यामधली जागा
काजूच्या हंगामात गोव्यातल्या पेडणे, डिचोलीच्या गावांत भट्ट्या पेटतात आणि ताज्या हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास रस्त्यापर्यंत येतो. दारू सोडू पाहणाऱ्याच्या मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा एवढ्या इशाऱ्यानेही जागी होते. म्हणूनच त्याला ‘मन घट्ट कर’ एवढेच सांगणे मला अन्यायाचे वाटते. सजगतेचा सराव वेगळे शिकवतो: तलफ दाबायची नाही, तिच्यामागे धावायचेही नाही, घशाची कोरड, छातीतली धडधड ती ओसरेपर्यंत निरखायची. 2013 च्या एका अमेरिकी अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांनी सिगारेटची चित्रे अशा सजगतेने पाहिली, तेव्हा तलफ घटली आणि तिच्याशी निगडित मेंदूभागाची सक्रियताही कमी झाली.

यावरून ‘मेंदू नव्याने घडतो’ असे म्हणणे मात्र घाईचे. आठ आठवड्यांच्या सरावाने मेंदूची रचना बदलल्याचे 2022 च्या एका काटेकोर अभ्यासात दिसले नाही. बदलते ती तलफेला उत्तर देण्याची रीत, आणि माझ्या मते तेही थोडे नाही. पण कष्टकऱ्याला हे शिकवणार कोण? गोव्यातच ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित समुपदेशकांकडून पिणाऱ्या पुरुषांना मदत दिली. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनी 36 टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीच्या उपचारांत 26 टक्के. ते समुपदेशन होते, ध्यान नव्हे. तरी अशी कौशल्ये गावातच शिकवता येतात, हे त्यातून दिसते. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने मात्र आधी डॉक्टर गाठावा. दारू एकाएकी सोडल्यास झटके येऊन जीवही जाऊ शकतो.