घरच्या घरी मोटारीचे इंजिन ऑइल व फिल्टर बदलणे : कृती, कारणमीमांसा आणि वापरलेल्या तेलाचा प्रश्न

प्रस्तावना

मोटारगाडी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारात येऊन उभी राहिली, तरी तिच्या बॉनेटखाली काय घडते हे पाहण्याची गरज मालकास फारशी भासली नाही. ते काम गॅरेजमधील कारागिराचे, अशी समजूत रूढ झाली. वस्तुतः इंजिनातील तेल व त्याचा फिल्टर बदलणे हे देखभालीतील सर्वांत सोपे आणि तितकेच महत्त्वाचे काम होय. थोडी अवजारे आणि तासाभराचा वेळ एवढ्यावर ते घरी करता येते. मात्र या कामाचा अखेरचा भाग, म्हणजे बाहेर काढलेल्या काळ्या तेलाची व्यवस्था, बहुतेक माहितीपुस्तिकांत एका ओळीत उरकला जातो. प्रस्तुत लेखात कृतीबरोबरच या दुर्लक्षित भागाचा विचार केला आहे.

तेल का बदलावे लागते

बैलगाडीच्या आसाला घातलेले वंगण आणि मोटारीच्या इंजिनातील तेल यांचे मूळ कार्य एकच, ते म्हणजे घर्षण कमी करणे. परंतु इंजिनातील तेलाला याखेरीज उष्णता वाहून नेणे, काजळी व धातूचे कण आपल्यात धरून ठेवणे, आम्लांचा परिणाम मारणे आणि गंज रोखणे अशी अनेक कामे करावी लागतात. ही कामे प्रामुख्याने तेलात मिसळलेली रासायनिक द्रव्ये करतात आणि तेलाआधी तीच खर्ची पडतात.

एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते. थोडा अंश पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतो. इंजिन पुरेसे तापले, तर हे पाणी पुन्हा वाफ होऊन निघून जाते. घरापासून मंडईपर्यंत आणि मंडईपासून घरापर्यंत एवढीच धाव असलेल्या मोटारीत ते साचते, त्यात न जळलेले पेट्रोल मिसळते आणि तेल लवकर निकामी होते. म्हणूनच ‘गाडी फारशी चालतच नाही, मग तेल कशाला बदलायचे’ हा युक्तिवाद टिकत नाही. अनेक पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत १०,००० कि.मी. किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत दिलेली असते. धूळ, कोंडी व तुटक प्रवास असल्यास ती याहून कमी धरावी लागते. तेल काळे झाले म्हणजे ते वाया गेले, हीदेखील एक गैरसमजूत आहे. काळेपणा हा पुष्कळदा तेल काजळी धरून ठेवीत असल्याचा पुरावा असतो.

तेल व फिल्टर यांची निवड

डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ यासारखे आकडे तेलाचा दाटपणा सांगतात. दाटपणानुसार तेलाचे वर्गीकरण करण्याची ही पद्धत अमेरिकेतील एस.ए.ई. या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये सुरू केली. त्यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर असून त्यापूर्वीचा आकडा थंड स्थितीतील, तर नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसच्या तापमानातील दाटपणाची श्रेणी दर्शवितो. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, तेव्हा पहिल्या आकड्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु पुण्यातील पहाटेचे इंजिनही १०० अंशांच्या तुलनेत थंडच असते, आणि चालू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांत त्याची झीज अधिक होते. अॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० अशी दाट तेले सर्रास वापरली जात, आणि ‘दाट तेल तेवढे चांगले’ हा समज त्याच काळातून आलेला दिसतो. आजच्या इंजिनांतील अरुंद तेलमार्गांना असे तेल मानवत नाही. कारागिराच्या शिफारशीपेक्षा मोटारीच्या पुस्तिकेतील श्रेणी प्रमाण मानावी, हेच इष्ट. वॉरंटी शिल्लक असल्यास तिच्या अटीही त्याच वेळी वाचून घ्याव्यात.

मोटारीतील तेलाचा फिल्टर ही कल्पना १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी ‘प्युरोलेटर’ या नावाने प्रत्यक्षात आणली. आजच्या डबीसारख्या फिल्टरमध्ये घड्या घातलेला विशेष कागद असतो. तो तुंबला तर इंजिन तेलावाचून राहू नये म्हणून एक झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. जुना फिल्टर तसाच ठेवून नवे तेल भरणे म्हणजे घाणेरड्या गाळणीतून स्वच्छ चहा ओतणे होय.

प्रत्यक्ष कृती

मोटार सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. गाडीसोबत मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो. केवळ त्याच्या आधारावर उचललेल्या मोटारीखाली कोणीही, क्षणभरासाठीही, जाऊ नये. पक्क्या जमिनीवर ठेवलेल्या जॅक स्टँडांवर वजन टेकविल्यानंतरच खाली शिरावे. या कामातील खरा धोका हाच आहे. बाकीच्या चुका पैशांत भरून निघतात.

इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे. कोमट तेल पातळ होऊन गाळासह बाहेर पडते, तर फार तापलेले तेल हात भाजते. वरील झाकण सैल करावे, चेंबरखाली पसरट भांडे ठेवावे आणि योग्य मापाच्या रिंग पान्याने ड्रेन प्लग उघडावा. हातमोजे अवश्य घालावेत. वापरलेल्या पेट्रोल इंजिन तेलाने उंदरांच्या त्वचेवर गाठी उद्‌भवल्याचे प्रयोगांत आढळले आहे. तेल निथळल्यावर नवा वायसर घालून प्लग प्रथम बोटांनी फिरवावा आणि मगच पान्याने पुस्तिकेत दिलेल्या ताणापर्यंत आवळावा. जोर लावून आवळल्यास चेंबरचे आटे जातात, आणि काही शे रुपये वाचविण्यासाठी घरी केलेले काम काही हजारांत पडते.

फिल्टर काढताना त्याचा रबरी वायसर इंजिनलाच चिकटून राहिला नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. जुन्या वायसरवर नवा बसला, तर इंजिन चालू होताच तेल पिचकारीसारखे बाहेर येते. नव्या फिल्टरच्या वायसरला ताज्या तेलाचा हात फिरवावा. तो टेकल्यावर फिल्टरवर छापलेल्या सूचनेप्रमाणे, साधारणतः पाऊण फेरा, केवळ हाताने आवळावा. काही मोटारींत डबीऐवजी आतला कागदी भागच बदलावा लागतो.

त्यानंतर नरसाळ्याने तेल भरावे. लहान पेट्रोल मोटारीत ते तीन ते चार लिटरच्या आसपास लागते. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. इंजिन चालू केल्यावर तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. गळती नसल्याची खात्री करून, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी पाहावी. वरच्या खुणेच्या वर तेल गेल्यास फिरता दांडा ते घुसळून फेस करतो आणि वंगण नीट होत नाही. तारीख, कि.मी. व तेलाची श्रेणी यांची नोंद पावतीसह ठेवावी. रिकामा डबा कापूनच टाकावा. धड डब्यांत बनावट तेल भरून विकले जाते.

वापरलेल्या तेलाचा प्रश्न

येथवरचे काम झाले की भांड्यात तीन-चार लिटर काळे तेल उरते. ते गटारात ओतावे, अंगणातील धूळ बसविण्यासाठी शिंपडावे किंवा वाळवी लागू नये म्हणून दारांच्या चौकटींना फासावे, हे मार्ग आजही अवलंबिले जातात. बांधकामावर सेंटरिंगच्या फळ्यांना लावण्यासाठीही या जळक्या तेलास गिऱ्हाईक असते. काटकसरीच्या दृष्टीने या प्रथा समजण्यासारख्या आहेत. पण जड धातू व बहुचक्रीय हायड्रोकार्बन यांनी युक्त असे हे तेल लहानसहान वाटांनी माती व पाणी यांतच जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते एका वेळच्या बदलातील तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, गोडे पाणी दूषित करू शकते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्याने तेलातील शिसे घटले, एवढाच काय तो दिलासा.

भारतात वापरलेले तेल हा घातक कचरा ठरतो. २०१६ च्या घातक व इतर कचराविषयक नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया उद्योगांकडेच जाणे अपेक्षित आहे. २०२३ मध्ये या नियमांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवर वापरलेले तेल पुनर्प्रक्रियेस पोहोचविण्याची विस्तारित जबाबदारी आली. ही व्यवस्था मुख्यतः पिंपांच्या हिशेबाने चालते. सोसायटीच्या वाहनतळात निघालेले तीन लिटर तेल दारावर येऊन नेण्याची सोय सर्वत्र नाही, आणि घरगुती तेलबदलाची खरी अडचण इथेच आहे.

यास्तव तेल विकत घेण्यापूर्वीच परिसरातील एखाद्या मोठ्या कार्यशाळेस, ती आपले वापरलेले तेल अधिकृत उद्योगास देते काय आणि घरचे तेल स्वीकारील काय, हे विचारून ठेवावे. होकार मिळत नसेल, तर काम कार्यशाळेतच करून घेणे अधिक योग्य. घरी करण्याचे समाधान तेवढे मोलाचे नाही. तेल झाकणाच्या घट्ट डब्यात भरून त्यावर स्पष्ट चिठ्ठी लावावी आणि त्यात ब्रेक ऑइल, कूलंट वा पेट्रोल मिसळू देऊ नये, कारण अशा मिश्रणाचे पुन्हा शुद्धीकरण करणे दुरापास्त होते. जुन्या फिल्टरमध्येही बरेच तेल अडकलेले असते. त्याच्या घुमटाकृती टोकास छिद्र पाडून तो गरम असतानाच किमान १२ तास पालथा ठेवावा, निथळलेले तेल त्याच डब्यात ओतावे आणि फिल्टर डब्यासोबत कार्यशाळेकडे द्यावा.