आयर्लंडची ‘भली माणसे’ आणि आमच्या साती आसरा

हैदराबादच्या नामपल्ली स्थानकापासून थोड्या अंतरावर गनफाउंड्री या भागात ‘ऑल सेंट्स’ नावाची जुनी शाळा आहे. ती इ. स. १८५५ मध्ये बिशप डॅनिएल मर्फी यांनी स्थापन केली. हे बिशप आयर्लंडमधील कॉर्क परगण्याचे. ज्या काळी ते निजामाच्या राजधानीत मूर्तिपूजकांना शुभवर्तमान सांगत होते, त्याच काळी त्यांच्या जन्मभूमीत, चौदाशे वर्षे ख्रिस्ती म्हणविणाऱ्या खेड्यांत, शेतकरी विशिष्ट टेकाडावर नांगर घालीत नसत व सायंकाळनंतर काही शब्द उच्चारीत नसत. या विरोधाभासाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. कारण नामपल्लीतीलच यूसुफैन दर्ग्याच्या दारी गुरुवारी जी गर्दी जमते तीत आपल्या मंडळीच्या माताही मुले घेऊन उभ्या असतात, आणि हे ऐकल्यावर आपल्यापैकी पुष्कळांना एक तर राग येतो, नाही तर लाज वाटते.

आयर्लंडच्या प्राचीन धर्माविषयी जे लिखित आहे, ते जवळजवळ सर्व ख्रिस्ती मठवाश्यांच्या हातचे आहे. त्या धर्माच्या पुरोहितांनी, म्हणजे ड्रुइडांनी, स्वतःचा एकही ग्रंथ मागे ठेवला नाही. जुन्या कथांचे आज उपलब्ध असलेले सर्वांत प्राचीन मोठे हस्तलिखित सुमारे इ. स. ११०० मधले असून ते क्लॉनमॅकनॉइस येथील मठाशी निगडित आहे. ‘तुआहा डे डॅनन’ नामक देवतुल्य वंश नव्याने आलेल्या मानवांकडून पराभूत झाला आणि टेकड्यांच्या पोटात राहावयास गेला, असे या कथा सांगतात. टेकडीला त्या भाषेत ‘शी’ म्हणतात, आणि तिच्यात राहणाऱ्यांनाही पुढे तेच नाव पडले.

इंग्रजी बालपुस्तकांतील पंखवाल्या चिमुकल्या पऱ्या वाचकांनी येथे मनातून काढून टाकाव्यात. आयरिश खेडुताचे हे शेजारी माणसाएवढेच उंच, गुरेढोरे बाळगणारे, लग्ने लावणारे आणि रागीट. त्यांचे खरे नाव कोणी घेत नाही. ‘भली माणसे’ असे म्हणावयाचे. आपल्याकडे सापाला रात्री साप म्हणत नाहीत आणि भयंकर रोगालाही ‘देवी’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. प्राचीन वाड्यांभोवतीचे गोल मातीचे बांध त्या देशात ४० हजारांहून अधिक आहेत. ते ‘भल्या माणसांचे’ किल्ले मानले गेले, म्हणूनच त्यांतले कितीतरी नांगरापासून वाचले. इ. स. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात एका काटेरी झुडपासाठी नव्या महामार्गाच्या कामात बदल करावा लागला. या भीतीने पुरातत्त्व खात्याचे काम परस्पर केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आमच्या वाचकांना साती आसरा आठवल्या असतीलच. डोहाकाठचे शेंदूर फासलेले सात दगड, हिरव्या बांगड्या, ओटी, आणि तिन्हीसांजेला त्या वाटेने न जाण्याची ताकीद. हैदराबादेतही तलावाच्या बांधावर कट्टमैसम्मा बसलेली असतेच. आम्ही या सर्वांचे मूळ एक आहे असे म्हणत नाही. तसे म्हणण्याचा मोह विद्वानांनाही आवरत नाही. पण पाण्याची आणि आजाराची भीती सर्वत्र सारखी असली की तिची रूपेही सारखी दिसतात, एवढेच पुरेसे आहे.

ख्रिस्तसभेने तेथे काय केले? पाचव्या शतकातील संत पॅट्रिकच्या स्वहस्ते लिहिलेल्या आत्मनिवेदनात एक लहानसा प्रसंग आहे. दास्यातून सुटून प्रवास करीत असता भुकेल्या सोबत्यांनी त्याला रानमध दिला. परंतु त्यांतील एकाने तो अर्पण केलेला आहे असे म्हणताच पॅट्रिकने त्याला स्पर्श केला नाही. प्रसादाचा प्रश्न ज्याच्यापुढे दर सणाला उभा राहतो, अशा आपल्या उपदेशकाला हा प्रसंग परका वाटणार नाही. दुसऱ्या बाजूस किल्डेअरची संत ब्रिजिड पाहा. तिचे नाव एका प्राचीन देवीचेही होते, तिचा सण १ फेब्रुवारीस म्हणजे जुन्या वसंतोत्सवाच्या दिवशी पडतो, आणि तिच्या मठात अखंड अग्नी जपला जाई असे बाराव्या शतकातील एक लेखक नोंदवितो. देवीच संत झाली, की संताभोवती देवीच्या कथा गुंफल्या गेल्या, याविषयी एकमत नाही. सर्व संतांचा सण मात्र आयरिश ‘साविन’ उत्सवावर मुद्दाम बसविला गेला, हे जे सर्रास सांगितले जाते ते आम्हांस पटत नाही. कारण आयर्लंडच्याच एका प्राचीन पंचांगात हा सण एप्रिल महिन्यात येतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग या समजुती निरुपद्रवी आहेत, राहू द्याव्यात. अशा वाचकासमोर आम्ही ब्रिजेट क्लिअरी हिचे प्रकरण ठेवतो. टिपरेरी परगण्यातील बॅलिव्हॅडली येथील ही सव्वीस वर्षांची शिवणकाम करणारी विवाहिता मार्च १८९५ मध्ये आजारी पडली. ही आपली पत्नी नव्हेच, खरी ब्रिजेट ‘भल्या माणसांनी’ नेली व तिच्या जागी दुसरी ठेवली, असे तिचा पती मायकल मानू लागला. गुरुवारी, १४ मार्चला, नातलगांनी व शेजाऱ्यांनी तिला धरून वनौषधी पाजली, चुलीवर धरले आणि तू कोण म्हणून पुनःपुन्हा विचारले. शुक्रवारी सकाळी धर्मगुरू आले व त्यांनी त्या घरात मिस्सा अर्पण केला. त्याच रात्री पतीने दिव्याचे तेल ओतून तिला जाळले. त्यानंतर तो जवळच्या किल्ल्यापाशी, खरी पत्नी पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून वाट पाहत राहिला. २२ मार्चला प्रेत सापडले. मायकलला मनुष्यवधाबद्दल वीस वर्षांची शिक्षा झाली. १९१० मध्ये तो सुटला.

आमचे मन त्या शुक्रवारच्या सकाळी अडखळते. आदल्या रात्री काय घडले हे घरातील सर्वांना ठाऊक होते, आणि धर्मगुरूला काहीच संशय आला नाही, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. ते खोटे बोलले असे आम्ही मानत नाही. परंतु लोकांनी त्यांच्यापासून लपविले, कारण अशा गोष्टी धर्मगुरूजवळ बोलावयाच्या नसतात, बोलल्यास शिव्या मिळतात, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शिक्षण त्यांच्या अंगी मुरलेले होते.

आपल्याकडे बाणामतीचे नाव मराठवाड्यात व तेलंगणात आजही दबक्या आवाजात घेतले जाते, आणि तिच्या संशयावरून माणसे मारली गेली आहेत. महाराष्ट्रात २०१३ मध्ये नरबळी व जादूटोणा यांविरुद्ध कायदा झाला; कायद्याला मात्र तक्रार करणारा लागतो. तेव्हा एखादी माता सुनेला ‘बाहेरचे झाले आहे’ असे सांगत आली, तर प्रथम तिला हाकलू नये, वा तिच्या म्हणण्याला मान डोलावून लगेच प्रार्थनेला बसू नये. सूनबाई कोठे आहे, काय खाते, तिला वैद्याने पाहिले आहे काय, तिला कोणी बांधून वा मारून तर ठेवले नाही ना, हे विचारावे. आणि शक्य तर त्याच दिवशी तिच्याशी एकटीशी बोलावे.

आयर्लंडमध्ये इ. स. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार शाळांतील मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून अशा समजुती ऐकून वह्यांत उतरविल्या. त्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत. आपले उपदेशक खेडोपाडी हिंडतात. त्यांनीही एक वही जवळ ठेवावी. गावाचे नाव, जागा, डोह किंवा झाड, सांगणाऱ्याचे साधारण वय आणि त्याचेच शब्द, आपले मत न मिसळता, लिहावेत. सांगणाऱ्याचे नाव लिहू नये. अशी टिपणे आमच्याकडे आल्यास निवडक टिपणांना पुढील अंकांत जागा देऊ.