नोंदवहीपासून आगगाडीपर्यंत : फॅसिस्ट इटलीतील ज्यूंचा छळ

ज्यूंच्या छळाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे हिटलरचा जर्मनी उभा राहतो. परंतु ज्या देशाने जगाला फॅसिझम हा शब्द दिला, त्या इटलीची हकिकत आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. शाळेच्या स्मरणिकेत ती सांगावी असे आम्हांस वाटले, कारण तेथे छळाचा पहिला कायदा शाळेसाठीच झाला.

मुसोलिनी १९२२ मध्ये सत्तेवर आला. त्यानंतर जवळजवळ सोळा वर्षे ज्यू हे कायद्याने इतरांसारखेच नागरिक होते. त्यांची संख्या सुमारे ४७ हजार, म्हणजे हजारी एक. रोममध्ये तर त्यांची वस्ती दोन हजार वर्षांची. कित्येक ज्यू फॅसिस्ट पक्षाचे सभासद होते. मुसोलिनीच्या चरित्रकार मार्गारिता सार्फात्ती या जन्माने ज्यू होत्या. तेव्हा हा छळ लोकक्षोभातून उसळला, असे म्हणता येत नाही. तो सरकारी कचेरीत, शाईने आणि शिक्क्याने घडला.

जुलै १९३८ मध्ये काही विद्वानांच्या नावाने वंशविषयक जाहीरनामा निघाला. ज्यू हे इटालियन वंशाचे नव्हेत, असे त्यात सांगितले होते. पुढच्याच महिन्यात, २२ ऑगस्टला, ज्यूंची स्वतंत्र गणना झाली. नाव, पत्ता, कुटुंब – एवढेच विचारले जात आहे, म्हणून बहुतेकांनी ते निमूटपणे लिहून दिले. या गणनेकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे.

५ सप्टेंबरला राजा व्हित्तोरियो एमानुएले तिसरा याने हुकुमावर सही केली. ज्यू विद्यार्थ्यांना सरकारी शाळा बंद झाल्या. शिक्षक आणि प्राध्यापक कामावरून दूर झाले. ज्यू लेखकांची पाठ्यपुस्तकेही वर्गातून गेली. शाळेच्या दारातून परत पाठवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यू समाजाने मात्र हातावर हात ठेवले नाहीत. ठिकठिकाणी त्याने स्वतःच्या शाळा उभ्या केल्या, आणि काढून टाकलेले नामवंत प्राध्यापक तेथे मुलांना शिकवू लागले. रिकाम्या झालेल्या जागांवर इतर लोक रुजू झाले. फारसा निषेध कोणी केला नाही, आणि आम्हांस या प्रकरणातील सर्वांत लाजिरवाणी गोष्ट हीच वाटते.

नोव्हेंबरच्या कायद्याने मिश्रविवाह, सैन्यातील सेवा, सरकारी आणि बँकांमधील नोकऱ्या यांवर बंदी आली. जमीन व कारखाने बाळगण्यावर मर्यादा आल्या. आईबाप दोघेही ज्यू असतील, तर धर्म बदललेला माणूसही ज्यूच ठरला. कायद्याने श्रद्धा विचारली नाही, जन्म विचारला. पुढे रेडिओ बाळगणे, वर्तमानपत्रात मृत्यूची वार्ता छापणे, दूरध्वनीच्या यादीत नाव असणे, हेही निषिद्ध झाले. युद्धात शौर्य गाजवलेल्यांच्या कुटुंबांना काही सवलती होत्या; त्यामुळे अनेकजण आपल्यापुरता अर्ज करून उत्तराची वाट पाहत बसले.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि जर्मन सैन्याने देशाचा उत्तर व मध्य भाग व्यापला. आता जीव घेण्याचे पर्व सुरू झाले. माणसे शोधत फिरण्याची फारशी गरज नव्हती. १९३८ पासून जपलेल्या नोंदी हाताशी होत्या. १६ ऑक्टोबरला रोममध्ये पहाटे धरपकड झाली. एक हजारांहून अधिक लोक आउश्वित्झला रवाना झाले, परतले सोळा. ३० नोव्हेंबरला मुसोलिनीच्या नव्या राजवटीने सर्व ज्यूंना पकडण्याचा आदेश स्वतःच्या पोलिसांना दिला. रसायनशास्त्राचे पदवीधर प्रीमो लेव्ही यांना डिसेंबरात पकडणारे हात इटालियनच होते.

मिलानच्या लिलियाना सेग्रे यांना शाळा बंद झाली तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. ३० जानेवारी १९४४ रोजी, तेराव्या वर्षी, त्यांना वडिलांसह मिलानच्या मध्यवर्ती स्थानकातून मालगाडीच्या डब्यात कोंडून आउश्वित्झला पाठवण्यात आले. वडील परतले नाहीत. २०१८ मध्ये इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना तहहयात सिनेटर नेमले. तोवर त्यांनी जवळजवळ तीस वर्षे शाळाशाळांतून मुलांपुढे आपली हकिकत सांगितली होती.