उलट्या पुस्तकातल्या गाणाऱ्या मुली

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आटोपले होते आणि फराळाच्या ताटातल्या चकलीला कोणत्या बाजूने हात घालावा याचा मी विचार करीत होतो. समोर माझ्या धाकट्या भावाची नात पुस्तक उलटे वाचीत बसली होती. उलटे म्हणजे खालचे वर असे नव्हे. शेवटच्या पानाकडून पहिल्या पानाकडे.

"अगं, शेवट आधी वाचलास तर पुढे गंमत ती काय राहणार?" मी म्हटले.

"आजोबा, हे पहिलंच पान आहे," मान वर न करता ती म्हणाली. "जपानी पुस्तक आहे. उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं."

दिवाळीला आम्ही सगळे बोरी बुद्रुकला जमतो. जुन्नर तालुक्यातले, कुकडीच्या काठचे हे आमचे गाव. संध्याकाळी उसाच्या कडेने फिरायला जाण्याची सोय नाही, कारण तेथे बिबट्याची वहिवाट आहे. तेव्हा घरात बसून एकमेकांच्या वाचनात नाक खुपसणे हाच येथला मोठा उद्योग. मीही खुपसले. जपानातली चीजवस्तू आमच्या खेड्यात कशी आली, याचे नवल मात्र मला वाटले नाही. कुकडीच्या पात्रालगत ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते ती सुमात्रा बेटावरच्या तोबा नावाच्या ज्वालामुखीची, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची राख. जेथे सुमात्राची राख टपालाशिवाय येऊन पडते, तेथे टोकियोचे पुस्तक यायला कितीसा वेळ?

पुस्तकाचे नाव 'के-ऑन! कॉलेज'. जपानी भाषेत 'केइओंगाकु' म्हणजे हलकेफुलके संगीत. त्याचा शाळकरी पोरांनी केलेला संक्षेप 'के-ऑन'. लेखकाचे, म्हणजे चित्रे काढणाराचेही, टोपणनाव 'काकीफुराई'. त्याचा अर्थ तळलेली कालवे! आपल्याकडे एखाद्या कथालेखकाने 'बटाटेवडा' हे नाव घेऊन दिवाळी अंकात लिहिले असते, तर संपादकांनी आधी त्याची प्रकृती विचारली असती. जपानात अशा चित्रमय गोष्टींना 'मंगा' म्हणतात, आणि त्या पोरासोरांपुरत्या नसतात. आगगाडीत कचेरीला निघालेले गृहस्थही त्या वाचतात. ही मंगा चार-चार चौकटींची आहे. चौकटी एकीखाली एक मांडलेल्या. पहिलीत प्रसंग, दुसरीत त्याची वाढ, तिसरीत एखादे वळण आणि चौथीत हसू. आपल्या ओवीची आठवण व्हावी असा हा चार पायांचा घाट आहे.

नातीने आधी मला पूर्वकथा ऐकवली. २००७ पासून २०१० पर्यंत 'मंगा टाइम किरारा' या मासिकात ती क्रमशः आली. एका हायस्कुलातले संगीत मंडळ सभासद नसल्यामुळे बंद पडायला आलेले. चार मुली झाल्या तरच ते टिकणार. ढोल बडवणारी रित्सु उतावळी, तीच मंडळाची अध्यक्ष. बास गिटार वाजवणारी मियो डावखुरी, हुशार आणि कमालीची लाजरी. पियानोच्या पट्ट्या सांभाळणारी त्सुमुगी श्रीमंताची लेक. ती रोज चहा आणि केक घेऊन येते. चौथी युई. हिला हलके संगीत म्हणजे चिपळ्यांसारखे काही तरी सोपे असेल असे वाटले, म्हणून तिने नाव दिले! गिटार कशी धरतात तेही तिला ठाऊक नाही. मनात भरलेली गिटार अडीच लाख येनची निघाली, तेव्हा चौघीजणी रस्त्याच्या कडेला बसून येणाऱ्याजाणाऱ्या मोटारी मोजण्याची मजुरी करून आल्या. शेवटी दुकान त्सुमुगीच्या वडिलांच्या कंपनीशी संबंधित निघाले आणि अडीच लाखांची गिटार पन्नास हजारांत पदरात पडली. वशिल्याचा महिमा तिकडेही आहे तर!

पुढल्या वर्षी अझुसा नावाची धाकटी, खरोखर तयारीची मुलगी मंडळात आली आणि तालमीपेक्षा चहाच जास्त होतो हे पाहून हवालदिल झाली. यांच्या वाद्यवृंदाचे नावच मुळी 'शाळा सुटल्यावरचा चहा'. २००९ साली क्योतो अ‍ॅनिमेशन या संस्थेने या कथेची चलच्चित्रमालिका काढली आणि जपानभर ती गाजली. इतकी, की त्याच वर्षी या कागदी मुलींच्या नावाने निघालेली तबकडी तिथल्या विक्रीच्या साप्ताहिक यादीत पहिली आली. हाडामांसाचे गायक मागे आणि चित्रातल्या मुली पुढे!

तर चौघी मॅट्रिक झाल्या (त्यांच्याकडे बारावी म्हणा), निरोपसमारंभ झाला आणि २०१० साली कथा संपली. वाचकांनी डोळे पुसले. आणि २०११ च्या एप्रिलात त्याच मासिकात ती पुन्हा सुरू झाली. चौघी आता एका महिला विद्यापीठात, वसतिगृहात राहायला आल्या आहेत. हेच ते 'कॉलेज'. २०१२ च्या उन्हाळ्यापर्यंत ते चालले आणि त्याचे एकच पुस्तक झाले. नातीच्या हातात होते ते त्याचे इंग्रजी भाषांतर.

महिला विद्यापीठ हा शब्द ऐकला आणि मी चकलीचा नाद सोडला. कारण आपल्या महर्षी कर्व्यांना महिला विद्यापीठाची कल्पना सुचली ती जपानावरूनच. टोकियोतल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. १९१५ साली सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ती कल्पना मांडली आणि १९१६ साली हिंगण्याला भारतवर्षीय महिला विद्यापीठ उभे राहिले. पुढे ठाकरसींच्या पंधरा लाखांच्या देणगीनंतर त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. १९२९-३० च्या जगप्रवासात अण्णासाहेब स्वतः जपानलाही जाऊन आले. जपानहून पुण्याला आलेले ते पहिले पुस्तक केवढे गंभीर, आणि शंभर वर्षांनी आलेले हे दुसरे केवढे पोरकट! पण हे दुसरे वाचताना मला वाटू लागले की पहिल्याने दार उघडले, तर दार उघडल्यावर आत बसून मुली काय करतात, ते या दुसऱ्यात आहे.

करतात काय? फारसे काहीच नाही. युईचे घरी सगळे तिची धाकटी बहीण करीत असे, म्हणून वसतिगृहात तिची तारांबळ. तेथे तिला अकिरा भेटते. रागीट, हट्टी, मनापासून गिटार वाजवणारी. अकिराचा तिघींचा वृंद आधीपासूनचा आहे. तिने गिटार धरली ती वरच्या वर्गातला एक मुलगा आवडला म्हणून. पण आता तिला खरोखरीचे वादक व्हायचे आहे. चहा पिणाऱ्या या बाया आपल्यासारख्याच मंचावर उभ्या राहणार, याचा तिला संताप येतो. युई मात्र तिला चिकटूनच. परीक्षा, भूक, तालीम, मंडळाचे जुने सभासद, गॅदरिंगची धावपळ. एवढ्यावर पुस्तक संपते.

खरे सांगायचे तर पुस्तक म्हणून पहिल्या भागाची सर याला नाही. नव्या मुलींची ओळख पुरती होते न होते तोच कथा गुंडाळलेली वाटते, आणि चौथ्या चौकटीतले हसू पुष्कळदा आधीच येऊन गेलेले असते. नातीने हे मान्य केले नाही. "आजोबा, तुम्हाला घडामोडी हव्यात," ती म्हणाली. "इथे गंमत अशी आहे की त्या अजून एकत्र आहेत."

या वाक्यावर आमची आत्या जागी झाली. वयाची चौऱ्याऐंशी वर्षे पार केलेली आमची आत्या भाऊबीजेच्या निमित्ताने अजून माहेरी येते. भाऊ राहिले नाहीत, म्हणून आम्हा भाच्यांना ओवाळते. ती भिंतीशी डोळे मिटून बसली होती. आम्ही समजत होतो झोपली आहे.

"शाळा संपल्यावरही एकत्र? चौघीच्या चौघी?" तिने विचारले.

"हो आत्याआजी. त्या लाजऱ्या मियोला दुसऱ्या विद्यापीठाची शिफारस मिळाली होती. ती तिने सोडली आणि मैत्रिणींबरोबर परीक्षेला बसली."

"आणि घरच्यांनी सोडू दिली?"

यावर नातीजवळ उत्तर नव्हते. चार चौकटींत घरचे फारसे येतच नाहीत.

मग आत्याने जे सांगितले ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकले नव्हते. ती तालुक्याच्या शाळेत अकरावीला होती तेव्हा, म्हणजे १९५७ च्या सुमारास, त्यांचाही चौघींचा मेळ होता. आत्या पेटीवर, एकजण तबल्यावर, दोघी गाणाऱ्या. तबला वाजवणारी मुलगी हे तेव्हा लोकांनी पाहिले नव्हते. गॅदरिंगला पडदा उघडला आणि पुरुषांच्या बाकांवर खसखस पिकली. दुसऱ्या पदाला ती थांबली. तिसऱ्याला टाळी पडली. पुढल्या वर्षी गावच्या यात्रेत गायचे असे चौघींनी ठरवले, चाली बसवायला घेतल्या. "यात्रा आली तेव्हा तिघींची लग्नं झाली होती," आत्या म्हणाली. "मी नाशकाला, एक मुंबईला, एक कुठे घाटाखाली. तबलेवाली राहिली होती. एकटीनं तबला काय वाजवायचा!" पेटी आजोबांनी मारुतीच्या देवळात भजनी मंडळाला दिली. वाईट हेतू नव्हता, घरात पडून राहील म्हणून दिली. दर दिवाळीला आत्या माहेरी येते आणि ओसरीवरून तिला ती ऐकू येते. काळी दोनची पट्टी चिकटते, हेही तिला येथूनच कळते.

आमच्या गावापासून नारायणगाव काही मैलांवर. तमाशाची पंढरी ती. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक यात्रेसाठी सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव. भर कार्यक्रमात राहुटीमागे जाऊन त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. २००२ साली त्या गेल्या. म्हणजे या मातीत बायका गात-वाजवीत नव्हत्या असे कोण म्हणेल? पण ज्यांना गाणे होते त्यांना ते पोटासाठी होते आणि त्यावर लोकांची बोटे होती. आणि ज्यांच्या घरात भाकरीची चिंता नव्हती त्यांना गाणे गॅदरिंगपुरते. मधली जागा, म्हणजे चार मैत्रिणींनी पैशासाठी नाही, बक्षिसासाठी नाही, उगीच, चहा पीत वाजवत बसावे, ही कोणालाच मिळाली नाही. फार जुनी गोष्ट कशाला? श्रीनगरात दहावीतल्या तीन मुलींनी 'प्रगाश' नावाचा वाद्यवृंद काढला. २०१२ च्या डिसेंबरात त्यांनी स्पर्धेत बक्षीस मिळवले, आणि धमक्या व फतव्यापुढे २०१३ च्या फेब्रुवारीत तो बंद केला. त्यांच्या गोष्टीला दुसरा भाग आला नाही.

म्हणून 'कॉलेज'मध्ये काही घडत नाही ही माझी तक्रार मी मागे घेतली. सबंध नव्हे, निम्मी. कोणी पाहायला येत नाही, कोणी पेटी देऊन टाकत नाही, कोणी "आता पुरे" म्हणत नाही. एवढे सगळे न घडण्यासाठी एका पुस्तकाची जागा लागते. अकिराचा राग मात्र मला युईच्या चहापेक्षा जवळचा वाटतो. तिला ठाऊक आहे की वेळ मोजका असतो. काकीफुराईंनी तिच्यासाठी आणखी एक पुस्तक काढायला हवे होते.

आत्याला अकिराशी कर्तव्य नव्हते. तिचा जीव दुसरीकडेच अडकला होता.

"ती धाकटी गं? एक वर्ष मागे होती ती? तिला टाकून या चौघी गेल्या, मग ती एकटी काय करते?"

नात उठली आणि पिशवीतून दुसरे पुस्तक घेऊन आली. 'के-ऑन! हायस्कूल'. एकाच वेळी दोन मासिकांत दोन पुढचे भाग चालू होते म्हणे. एकात गेलेल्या मुली, दुसऱ्यात राहिलेली अझुसा. ती नव्या मुली गोळा करते आणि मंडळ पुन्हा उभे करते.

"तिनं वाजवायचं सोडलं नाही ना?"

"नाही आत्याआजी."

"मग वाच. मराठीत सांग, आणि घाई करू नको." आत्याने पाय लांब केले, भिंतीला टेकली आणि माझ्याकडे पाहिले. "तू काय ऐकत बसलास? चहा टाक जा. आलं घाल."

मी उठलो.