सत्तरीच्या उंबरठ्यावरची नागरिकत्व परीक्षा

अमेरिकेत मुलांकडे कायमचे राहायला गेलेल्या आईवडिलांबद्दल एक समजूत पक्की असते. आता त्यांचं वय झालं, सिटिझनशिपला त्यांना इंग्रजी माफ असेल. तसं नसतं. ही सूट नुसत्या वयावर मिळत नाही, ग्रीनकार्डावर किती वर्षं काढली तेही पाहतात. वय पन्नास आणि ग्रीनकार्डाची वीस वर्षं, किंवा पंचावन्न आणि पंधरा वर्षं, असा तो हिशेब आहे. अशांना नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाष्यामार्फत आपल्या भाषेत विचारतात. पासष्टी ओलांडलेल्या आणि वीस वर्षं ग्रीनकार्डावर काढलेल्यांना तर वीसच निवडक प्रश्नांची तयारी करावी लागते.

आपल्याकडची आई बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त होऊन त्रेसष्टाव्या वर्षी जाते. पाच वर्षांनी, अडुसष्टाव्या वर्षी, अर्ज करते. तिला यातली एकही सवलत लागू होत नाही. तिशीतल्या इंजिनिअरची जी परीक्षा, तीच तिची. गंभीर आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे शिकणंच शक्य नसेल, तर डॉक्टरांनी भरलेल्या वेगळ्या फॉर्मवर सूट मागता येते. ‘आता लक्षात राहत नाही हो’ एवढं त्याला पुरत नाही.

२० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे. पूर्वी शंभर प्रश्नांतले दहा विचारत आणि सहा बरोबर आले की झालं. आता १२८ प्रश्नांतले वीस विचारतात आणि बारा बरोबर यावे लागतात. सगळं तोंडी. बारा बरोबर झाले किंवा नऊ चुकले की अधिकारी तिथेच थांबतो. शिवाय एक वाक्य मोठ्याने वाचायचं, एक ऐकून लिहायचं. दोन्हींसाठी तीन-तीन संधी. ती वाक्यं साधी असतात आणि त्यांतल्या शब्दांची यादी सरकारनेच जाहीर केली आहे. जो भाग चुकेल तेवढाच पुन्हा देण्यासाठी साठ ते नव्वद दिवसांत एकदा बोलावतात.

घराघरांत तयारी सुरू होते ती या १२८ प्रश्नांपासून, आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. पाठांतरावर वाढलेल्या पिढीला ते जमतंही. खरा घाम फुटतो तो मुलाखतीतल्या संभाषणात. इंग्रजी बोलता आणि समजता येतं का, हे अधिकारी एन-४०० या अर्जावरच्या प्रश्नोत्तरांतून पाहतो. नाव, पत्ता, प्रवास इथवर ठीक. मग ‘हॅव यू एव्हर’ने सुरू होणाऱ्या प्रश्नांची रांग लागते. कधी अटक झाली का? कर बुडवला का? नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवलं का? कुणाचा छळ केला, वंशसंहारात भाग घेतला का? आयुष्यभर सचोटीने नोकरी केलेल्या बाईच्या कानावर ‘जेनोसाइड’ हा शब्द कधी पडलेलाही नसतो. त्यात आपली सवय अशी, की समजलं नाही तरी समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून ‘येस, येस’ म्हणायचं, मान डोलवायची. एरवीची ही ऋजुता तिथे थेट चुकीचा जबाब ठरू शकते.

म्हणून माझं मत असं, की तयारी अर्जापासून करावी. एकेक प्रश्न आधी मराठीत नीट समजावून सांगावा. ‘बेअर आर्म्स’ म्हणजे कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र हाती घेणं, ‘ओथ ऑफ अलिजन्स’ म्हणजे निष्ठेची शपथ. अर्थ उमजल्यावरच इंग्रजी उत्तराचा सराव करावा. कळलं नाही तर ‘प्लीज रिपीट’ किंवा ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ म्हणायला बिलकुल संकोच नको. अधिकारी प्रश्न पुन्हा, सोप्या शब्दांत विचारू शकतो. ‘नो’ तोंडाने, स्पष्ट म्हणायची सवय लावावी. लिहिण्याची परीक्षा बहुधा टॅब्लेटवर स्टायलसने होते, तेव्हा नातवंडाच्या टॅब्लेटवर चार ओळी रोज लिहून पाहाव्यात.

सराव मात्र मुलाने किंवा सुनेने न घेतलेला बरा. घरच्यांचे उच्चार ओळखीचे, त्यांना अर्धं वाक्य पुरतं, आणि आई अडखळली की तेच उत्तर देऊन टाकतात. अमेरिकेत अनेक सार्वजनिक वाचनालयांत आणि प्रौढ शिक्षणाच्या शाळांत नागरिकत्वाचे वर्ग चालतात, बरेचसे मोफत. तिथे शेजारच्या बाकावर मेक्सिकोचे, व्हिएतनामचे आजीआजोबा असतात. परक्या माणसाचं इंग्रजी ऐकून उत्तर देण्याचा सराव तिथे होतो.

प्रश्नांची घोकंपट्टीही रूक्ष असण्याचं कारण नाही. सिनेटमध्ये १०० सदस्य का? तर लहानमोठ्या प्रत्येक राज्याचे दोन. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा एक. हा फरक लक्षात आला की आकडा आपोआप राहतो. गुलामगिरी आणि यादवी युद्धावर प्रश्न आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं होतं ते गुलामीच्या विरोधात झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांनाच. हे सांगून लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा शिकवला, तर तो कुठल्या परक्या देशाचा इतिहास वाटत नाही.

मदत करणाऱ्याने एक मर्यादा मात्र कसोशीने पाळावी. शिकवावं, कायद्याचा सल्ला देऊ नये. कधीकाळची अटक, चुकून झालेली मतदार नोंदणी, कराची थकबाकी असं काही असेल तर अर्ज भरण्याआधी वकील गाठावा. आईवडिलांच्या बाबतीत नेहमीचा अडथळा असतो भारतातल्या लांबलेल्या मुक्कामाचा. पाच वर्षांतले किमान तीस महिने अमेरिकेत काढलेले लागतात. एका खेपेला सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की सलग वास्तव्यावर प्रश्न उठतो आणि वर्ष उलटलं तर ते सहसा तुटतंच. पुण्याचा फ्लॅट, गावची शेती सांभाळत जाऊन-येऊन राहणाऱ्यांनी तारखा पासपोर्टवरून आधीच उतरवून काढाव्यात.

आणि शपथेनंतर काय होतं, हे त्यांना अर्ज भरण्याआधी सांगायलाच हवं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व संपतं, पासपोर्ट रीतसर जमा करावा लागतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारतात हवं तितकं येता-राहता येतं, पण इथे मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मुलं सोयीचा विचार करतात आणि कागद पुढे सरकवतात, त्यात वाईट हेतू नसतो. पण ज्या माणसाने पन्नास वर्षं प्रत्येक निवडणुकीत रांगेत उभं राहून मत दिलं, त्याला हा निर्णय स्वतः, पूर्ण समजून घेता आला पाहिजे. विचार करून ते ‘नको’ म्हणाले, तर ग्रीनकार्डावरही राहता येतं. मुक्काम आणि नूतनीकरण तेवढं सांभाळायचं.