परदेशी बदली आणि घरातलं पिल्लू

पुण्याहून जर्मनीला नोकरीसाठी जायचं ठरलं आणि घरात दोन-तीन महिन्यांचं पिल्लू असेल, तर पहिला हिशोब तारखांचा मांडावा. युरोपीय संघाच्या नियमांनुसार आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस; तीही पिल्लू १२ आठवड्यांचं झाल्यावरच ग्राह्य. भारतातून नेताना लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून आणखी ३ महिने थांबणं सक्तीचं आहे. म्हणजे साधारण सात महिन्यांचं होईपर्यंत पिल्लू तिकडे पोचत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की मधल्या काळात त्याला सांभाळणारं आणि पुढे पाठवणीची जबाबदारी घेणारं खात्रीचं माणूस आहे का? असेल तर पिल्लू ठेवावं. नसेल तर नवं घर शोधावं, तेही लगेच.

हा विश्वासघात आहे, असं कुणी म्हणेल. पण माणसांची, आवाजांची ओळख पक्की होण्याचा पिल्लाचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यांचा असतो. या वयात ते नव्या घरी चटकन रुळतं. हो-नाही करत वर्ष घालवलं तर त्यालाच जड जातं. मात्र देणं म्हणजे रस्त्यावर सोडणं नव्हे. उपासमार होईल असं प्राण्याला सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय बदली नागपूर किंवा दिल्लीची असेल, तर ही सबब चालत नाही. रेल्वेच्या फर्स्ट एसीत पूर्ण कूपे घेऊन कुत्रं सोबत नेता येतं. द्यायचंच असेल तर नवं घर स्वतः पाहून या आणि पिल्लासोबत लसीकरणाचं कार्डही द्या.