जिभेखालची गोळी कधी नको?

छातीत कळ आली, की घरातलं कुणीतरी जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेटची गोळी शोधू लागतं. मग डॉक्टर आधी ‘व्हायग्रासारखं काही घेतलंय का?’ असं का विचारतात?

सॉर्बिट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या पेशींत एक निरोप्या रेणू वाढतो आणि त्या सैलावतात. व्हायग्रातलं सिल्डेनाफिल नेमकं हा रेणू मोडणाऱ्या विकराला अडवतं. म्हणजे नळ सोडलेला आणि मोरीही तुंबलेली! रेणू साचत जातो, रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त पसरतात आणि रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो.

म्हणून सिल्डेनाफिलनंतर २४ तास, तर तशाच, पण शरीरात जास्त रेंगाळणाऱ्या टाडालाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेट वर्ज्य. रक्तदाब आधीच फार कमी असेल, तरीही ती नकोच. तेव्हा डॉक्टरांपुढे संकोच नको. घेतलेली गोळी आणि वेळ सांगून टाका.